योआकिम ट्रिअरचे सिनेमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रिअरचा 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' आल्यापासून आमच्या फिल्म क्लबाच्या फोनवर तेच ते प्रश्न येतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून बोटं दुखली, म्हणून हे एकत्र केलं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. शेवटच्या प्रश्नात कथेतलं एक गुपित फुटतं, तिथं आधीच सांगितलं आहे.

१. हा ट्रिअर नक्की कोण? आणि 'जोआकिम' की 'योआकिम'?

योआकिम. नॉर्वेजियनमध्ये 'जे' हे अक्षर 'य' होतं. जन्म १९७४चा, कोपनहेगनचा, पण वाढला ऑस्लोत आणि सिनेमे करतो नॉर्वेचे.

घरात सिनेमा आधीपासूनच होता. आजोबा एरिक ल्योकेन हे दिग्दर्शक आणि जाझ वाजवणारे. त्यांचा १९५९चा 'याक्तेन' (म्हणजे शिकार) फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत गेला होता. १९७२मध्ये त्यांनी पाच रिळांचा एक सिनेमा केला, त्याची रिळं कुठल्याही क्रमानं लावली तरी चालावीत असा. पाच रिळं म्हणजे एकशेवीस क्रम. प्रोजेक्टरवाल्यानं रिळं उलटीसुलटी लावली की आपल्याकडे शिट्ट्या पडायच्या, आणि या गृहस्थांनी त्याचाच सिनेमा केला! वडील ध्वनिमुद्रक, आई माहितीपट करणारी. नातू मात्र पोरवयात स्केटबोर्डवर होता, तोही स्पर्धा जिंकण्याइतका. मित्रांच्या उड्या चित्रित करता करता कॅमेरा हातात बसला. पुढं इंग्लंडच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये रीतसर शिकला.

२. तो लार्स फोन ट्रिअरचा भाऊ आहे का?

नाही. नातं आहे, पण लांबचं. आपल्याकडे लग्नपत्रिका पाठवायची की नाही यावर घरात चर्चा होईल इतपत. कामाशी संबंध नाही. लार्स हा डॅनिश दिग्दर्शक; त्यानं टॉमस विंटरबर्गबरोबर १९९५मध्ये 'डॉग्मा ९५' या सिनेचळवळीचा जाहीरनामा काढला. कॅमेरा हातातच धरायचा, बाहेरून संगीत जोडायचं नाही, असे दहा नियम होते. योआकिम या कंपूतला नाही. त्याच्या सिनेमात निवेदक बोलतो, संगीत वाजतं, काळ मागंपुढं होतो.

३. एकूण सिनेमे किती? सुरुवात कुठून करू?

२०२५पर्यंत पूर्ण लांबीचे कथापट सहा: 'रिप्राइज' (२००६), 'ऑस्लो, ३१ ऑगस्ट' (२०११), 'लाउडर दॅन बॉम्ब्ज' (२०१५), 'थेल्मा' (२०१७), 'द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड' (२०२१) आणि 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' (२०२५). शिवाय चित्रकार मुंकवरचा एक माहितीपट आहे, तो भाऊ एमिल ट्रिअरबरोबर केलेला.

'वर्स्ट पर्सन'पासून सुरू करा. तो हसवतो, पकडून ठेवतो आणि मग हळूच पायाखालची सतरंजी काढून घेतो. तो आवडला तर 'ऑस्लो', पण त्याआधी प्रश्न १२ वाचा. 'रिप्राइज' पहिलाच सिनेमा असल्यामुळे लोक तो नेमानं आधी बघायला जातात आणि त्यातल्या साहित्यिक थट्टेत हरवतात. तो तिसरा बघा. बाकीचे मनाला येईल तसे.

४. सरकारी पैशावर झालेल्या सिनेमाला 'स्वतंत्र' कसं म्हणता?

प्रश्न रास्त आहे. हे सिनेमे नॉर्वेजियन फिल्म इन्स्टिट्यूटच्या सार्वजनिक अनुदानाच्या आधारानं उभे राहतात. त्यावर फ्रान्स, डेन्मार्क, स्वीडन, जर्मनी अशा देशांतले सहनिर्माते जोडले जातात. साठेक लाख वस्तीच्या देशात तिकीटबारीवर असा सिनेमा निघणं कठीण, म्हणून ही व्यवस्था.

इथं 'स्वतंत्र' याचा अर्थ इतकाच, की कुठला मोठा स्टुडिओ शेवट बदलायला सांगत नाही आणि कुठला नट कथेपेक्षा मोठा होत नाही. अनुदानाची छाननी असतेच. पण पटकथा वाचून पैसे द्यायचे की नाही हे ठरवणं वेगळं आणि शेवटच्या कापाकापीत हात घालणं वेगळं. आपल्याकडेही मराठी चित्रपटांना सरकारी अनुदान मिळतं, पण सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन. पैसा कागदावरच्या कथेला मिळतो की तयार डब्याला, यानं दिग्दर्शकाची झोप ठरते.

५. सगळे 'भावनिक प्रामाणिकपणा' म्हणतात. म्हणजे नक्की काय? खूप रडतात का?

उलट, फार कमी रडतात. हा शब्द इतका वापरलाय की गुळगुळीत झालाय, म्हणून एक प्रसंगच सांगतो.

'ऑस्लो, ३१ ऑगस्ट'मधला अँडर्स व्यसनमुक्ती केंद्रातून एक दिवसाच्या सुटीवर, नोकरीच्या मुलाखतीसाठी शहरात आलाय. वय चौतीस. जुना मित्र टोमास आता प्राध्यापक, बायको, मुलं, छान घर. दोघं बाकावर बसतात. अँडर्स म्हणतो, मी सगळं संपवायचा विचार करतोय. आता टोमासनं काय बोलायचं? आपल्या मालिकेत त्यानं कानाखाली मारली असती किंवा मिठी. इथं तो आधी शहाण्यासारखं बोलून बघतो, ते पोकळ वाजतं. मग तो स्वतःचंच सांगायला लागतो: मीही सुखी नाही, मुलं झोपली की बायको आणि मी प्लेस्टेशनवर युद्धाचा खेळ खेळत बसतो. मित्राला धीर द्यायला गेलेला माणूस आपलंच रडगाणं लावतो, आणि ते प्रेमापोटीच असतं. अँडर्स ऐकून घेतो. कोणीही चुकीचं वागत नाही आणि मदत मात्र पोचत नाही.

पुढं मुलाखत. संपादक विचारतो, बायोडाटात मधली वर्षं रिकामी का? अँडर्स सांगून टाकतो, मी व्यसनी होतो. संपादक दचकतो, पण दार लावत नाही. दार अँडर्सच लावतो, कागद परत घेऊन निघतो. व्यवस्थेनं छळलं असं दाखवणं सोपं होतं. ट्रिअर ती सोय घेत नाही.

मग कॅफे. तो एकटा बसून आजूबाजूची बोलणी ऐकतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी आयुष्यात काय काय करायचंय याची यादी वाचतेय: लग्न, मुलं, जगप्रवास, एक दिवस नुसतं आइस्क्रीम खाणं, झाड लावणं, डॉल्फिनांबरोबर पोहणं. यादी हास्यास्पद आहे आणि ऐकवत नाही, कारण आपण ती त्याच्या कानांनी ऐकत असतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांत पाणी शोधायला जात नाही.

माझं मत विचाराल तर हा प्रामाणिकपणा स्वभावातून येतो तितकाच सुतारकामातून येतो. कुठल्या टेबलावरचं वाक्य किती ऐकू द्यायचं, कुठं तोडायचं, हे सगळं मोजूनमापून केलेलं असतं. 'अगदी खऱ्यासारखं वाटतं, काही केलंच नाही' असं म्हणणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो.

६. नॉर्डिक सिनेमा म्हणजे संथ, बर्फ आणि गप्प माणसं. मला झोप येईल का?

'रिप्राइज'ची पहिली काही मिनिटं बघा. दोन होतकरू लेखक आपापली हस्तलिखितं टपालपेटीत टाकतात, आणि निवेदक पुढं काय काय झालं असतं हे धडाधड सांगत सुटतो. प्रसिद्धी, प्रेमभंग, बंदी, क्रांती. सगळं 'झालं असतं'च्या भाषेत. झोपायला सवड नाही. 'ऑस्लो' मात्र शांत आहे. बर्फ हवाच असेल तर 'थेल्मा'.

७. दरवेळी तेच तेच चेहरे का?

कारण तो एक कंपनी घेऊन चालतो. आपल्या नाटक मंडळींसारखी.

एस्किल फोग्ट हा सहाही कथापटांचा सहलेखक. दोघं महिनोन्‌महिने एका खोलीत बसून बोलतात, त्यातून कथा निघते. फोग्ट स्वतःही दिग्दर्शक आहे: 'ब्लाइंड' (२०१४) आणि लहान मुलांवरचा अंगावर काटा आणणारा 'द इनोसंट्स' (२०२१). संकलक ऑलिव्हिए बुग्ग कुत्ते पहिल्यापासून तोच. छायाचित्रण पहिल्या चार कथापटांत याकोब इरे, पुढच्या दोघांत कास्पर टुक्सेन.

अँडर्स डॅनिएल्सन ली हा 'रिप्राइज', 'ऑस्लो' आणि 'वर्स्ट पर्सन' या तिन्हींत आहे आणि पेशानं खराखुरा डॉक्टर आहे. हे सांगितलं की परदेशी लोक चकित होतात. डॉ. लागू, डॉ. घाणेकर आणि डॉ. आगाशे पाहिलेल्या आपल्याला त्यात काय नवल!

रेनाते राइन्स्वेला 'ऑस्लो'त जेमतेम एक वाक्य होतं. पुढं दहा वर्षं तिला मनासारखी भूमिका मिळेना. अभिनय सोडून सुतारकाम करावं असं मनात घोळत असताना ट्रिअरनं तिच्यासाठीच लिहिलेली 'वर्स्ट पर्सन'मधली ज्युली आली. २०२१मध्ये कानला सर्वोत्तम अभिनेत्री. त्या एका वाक्यात त्याला काय दिसलं असेल, हे शोधायला मी ते दृश्य चारदा पाहिलंय.

८. 'ऑस्लो त्रयी' नावानं शोधलं तर भलतेच सिनेमे येतात. कोणती खरी?

दोन्ही खऱ्या. ट्रिअरची त्रयी म्हणजे 'रिप्राइज', 'ऑस्लो, ३१ ऑगस्ट', 'वर्स्ट पर्सन'. कथा वेगळ्या, पात्रं वेगळी, शहर एक आणि अँडर्स डॅनिएल्सन ली एक. तिचं नाव नंतर पडलं.

दुसरी त्रयी दाग योहान हाउगेरुड या दिग्दर्शकाची, 'सेक्स', 'ड्रीम्स', 'लव्ह'. यातल्या 'ड्रीम्स'ला २०२५मध्ये बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळालं. तीही जरूर बघा. माणसं बोलतात मात्र भरपूर. नावांच्या गोंधळाबद्दल आणखी एक: 'थेल्मा' नावाचा एक अमेरिकी विनोदी सिनेमा २०२४मध्ये आलाय, त्यात एक आजीबाई आहेत. एका सदस्यानं तोच लावून 'यात भयानक काय आहे?' असं मला विचारलं होतं. भयानक असलेल्या 'थेल्मा'साठी प्रश्न ११.

९. 'वर्स्ट पर्सन'मध्ये सगळं शहर थांबतं ते कम्प्युटरवर केलंय ना?

बहुतेक नाही, आणि गंमत त्यातच आहे. सकाळ आहे, ज्युलीचा जोडीदार आक्सेल कॉफी ओततोय, ज्युली दिव्याचं बटण दाबते आणि तो ओतता ओतता थांबतो. ती घरातून निघून ऑस्लोच्या रस्त्यांवरून धावत सुटते, दुसऱ्याकडे. वाटेत माणसं, गाड्या, सगळं जागच्या जागी.

रस्त्यावरची ती माणसं खरोखरच न हलता उभी होती. आपला 'स्टॅच्यू' खेळ. नीट बघितलंत तर वाऱ्यानं कुणाचे केस, कुणाचे कपडे किंचित हलतात. कम्प्युटरवर गोठवलं असतं तर हा वारा मेला असता. आणि जोडीदारापुढं बसून 'मी निघाले' म्हणण्याआधी मनात जो पळ असतो, त्यालाही असाच वारा लागतो.

१०. पण ज्युली स्वार्थीच आहे ना? तिनं फसवलं की नाही?

सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न, आणि विचारणाऱ्यांत पुरुष व बायका सारख्याच. आधी शीर्षक: 'जगातला सर्वांत वाईट माणूस' ही नॉर्वेत स्वतःवर चिडल्यावर सहज म्हणायची बोली आहे, आपण 'माझ्यासारखी मूर्ख मीच' म्हणतो तशी. तो तिच्यावरचा निवाडा नाही. सिनेमात ही पाळी एकट्या ज्युलीवर येतही नाही.

फसवण्याबद्दल: ती नि आयविंद एका लग्नात भेटतात, दोघंही आधीच कुणाचेतरी. मग रात्रभर ते हद्द शोधत बसतात. चावणं म्हणजे फसवणूक का? घामाचा वास घेणं? एकाच्या तोंडातला धूर दुसऱ्यानं ओढणं? एकमेकांसमोर लघवीला बसणं? नियमाप्रमाणे काहीच घडत नाही आणि सकाळपर्यंत सगळं घडून गेलेलं असतं. उत्तर तुमचं तुम्ही द्या. आमच्याकडच्या चर्चेत एक जोडपं याच मुद्द्यावर परतीची रिक्षा वेगवेगळी करून गेलं.

११. 'लाउडर दॅन बॉम्ब्ज' इंग्रजीत आहे आणि 'थेल्मा' अद्भुतिका. हे त्याच माळेत कसे बसतात?

'लाउडर'मध्ये इझाबेल उपेर ही युद्धछायाचित्रकार आई, आणि तिच्या मृत्यूनंतरचे नवरा (गॅब्रिएल बर्न) व दोन मुलगे. घडतो न्यूयॉर्कजवळ. तरी २०१६चा नॉर्डिक कौन्सिलचा चित्रपट पुरस्कार त्यालाच मिळाला, म्हणजे तिकडच्यांना तो आपला वाटला. मला तो सहांत सर्वांत सैल वाटतो. पण धाकट्याची डायरी मोठा भाऊ वाचतो तो तुकडा अस्सल ट्रिअरचा.

'थेल्मा'त शक्ती आहे, झटके आहेत, सर्प आहेत, पण खरी गोष्ट धार्मिक घरातल्या मुलीनं स्वतःची इच्छा कबूल करण्याची. सुरुवात पाहा. गोठलेल्या तळ्यावरून बाप छोट्या मुलीला शिकारीला नेतो. हरीण दिसतं. ती श्वास रोखून हरणाकडे बघतेय. तिच्या मागं उभ्या बापाच्या बंदुकीची नळी हळूहळू हरणावरून तिच्या डोक्याकडे वळते. बाप वाईट माणूस नाही, हे कळायला पुढचा सगळा सिनेमा लागतो.

१२. घरच्यांबरोबर बघता येतील का? आणि सध्या मन बरं नसेल तर?

मुलांबरोबर नाही. नग्नता, शरीरसंबंध, नशा हे सगळं सहजपणे येतं. आईवडिलांबरोबर 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' चालेल. फक्त बाप आणि मुलीचं धड नसेल तर मध्यंतरात कोण उठून चहा करायला जातंय ते बघा.

मन खचलेलं असेल तर 'ऑस्लो, ३१ ऑगस्ट' पुढं ढकला, हे गांभीर्यानं सांगतो. त्यात व्यसन आणि आत्महत्या मध्यभागी आहेत. 'रिप्राइज' आणि 'सेंटिमेंटल व्हॅल्यू'मध्येही आत्महत्येचा विषय येतो. बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

१३. नॉर्वेचा आणि आपला काय संबंध? आम्ही हे का बघायचं?

बघायलाच हवं असं नाही. पण संबंध जुना आहे. १९३३मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेनं रंगभूमीवर आणलेलं 'आंधळ्यांची शाळा' हे ब्यर्नसन या नॉर्वेच्या लेखकाच्या नाटकावरून वर्तकांनी बेतलं होतं. आधुनिक मराठी नाटकाची सुरुवात अनेकजण तिथून मोजतात. नॉर्वेच्याच इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातल्या नोराला अनंत काणेकरांनी 'घरकुल'मध्ये मराठी संसारात आणलं. म्हणजे दिवाणखान्यात चार माणसं बसवून घराचे वासे मोजण्याची ही रीत आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वीच बोटीनं आली.

'सेंटिमेंटल व्हॅल्यू'मधली नटी असलेली मुलगीही नोराच. बाप दिग्दर्शक, नाव गुस्ताव बोर्ग. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या १९५७च्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मधल्या म्हाताऱ्याचंही आडनाव बोर्ग. आणि मधोमध एक जुनं लाकडी घर. लहानपणी शाळेच्या निबंधात नोरानं लिहिलेलं असतं की हे घर एक जीव आहे, त्याला भरलेलं आवडतं की रिकामं? वाडा विकायला काढलेल्या कुठल्याही घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

१४. मराठी सबटायटल्स मिळतात का? कुठं बघायला मिळतील?

मराठी माझ्या पाहण्यात नाहीत, इंग्रजीच. ओटीटीवर कुठं आहे हे लिहून ठेवलं की दोन महिन्यांत खोटं ठरतं, म्हणून लिहीत नाही. मूळ नावानं शोधा. सबटायटल्सची फाइल वेगळी घेत असाल तर आधी दहा मिनिटं तपासा. आम्ही 'ऑस्लो' दाखवला तेव्हा ती चार सेकंद उशिरा चालत होती. प्रश्न ५मधल्या कॅफेत डॉल्फिन आले ते भलत्याच बाईच्या तोंडी, आणि सभागृह हसलं. चूक माझीच होती. पुन्हा पहिल्यापासून लावला, तेव्हा कोणी हसलं नाही.

१५. (गुपित फुटेल) 'सेंटिमेंटल व्हॅल्यू'मधल्या स्टुलाचं खरं काय?

कानला दुसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे ग्रां प्री पुरस्कार मिळालेल्या या सिनेमात गुस्ताव (स्टेलान स्कार्सगार्ड) बऱ्याच वर्षांनी परततो आणि आपली नवी पटकथा नोरापुढं ठेवतो. ती नाही म्हणते. मग तो हॉलिवूडची नटी रेचल (एल फॅनिंग) घेऊन येतो आणि तिला घर दाखवतो. युद्धात छळ सोसलेल्या त्याच्या आईनं याच घरात जीव दिलेला. खोलीतल्या एका स्टुलाकडे बोट दाखवून तो सांगतो, ते हेच. रेचल हादरते. आपणही.

नंतर ही गोष्ट नोराच्या धाकट्या बहिणीच्या, ॲग्नेसच्या कानावर जाते. ती म्हणते, कुठलं, ते स्टूल आयकियाचं. म्हणजे तयार फर्निचरच्या दुकानातून आणलेलं.

यावर विचारतात: मग गुस्ताव खोटारडा का? आईचं मरण खरं आहे, दुःखही खरं आहे. स्टूल तेवढं खोटं, कारण समोरच्या नटीला आत्ता, या खोलीत काहीतरी दिसायला हवं होतं. आणि हाच बाबा नातवाला वाढदिवसाला डीव्हीडी देतो. वयाला अजिबात न शोभणाऱ्या, आणि घरात डीव्हीडी प्लेअरच नाही.